लेखकाचा देव आणि कादंबरीचा न्याय

मराठी कादंबरी आणि मराठी ऐतिहासिक कादंबरी, दोघींचं माहेर बेळगावकडचं. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात एका कासार कुटुंबात जन्मले, तिथल्या मिशन शाळेत शिकले, १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १८५७ मध्ये त्यांनी ‘यमुनापर्यटन’ छापलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. रामचंद्र भिकाजी गुंजीकर त्याच जिल्ह्यातल्या जांबोटीचे. त्यांची ‘मोचनगड’ ही १८७१ची, शिवकाळावरची, पहिली ऐतिहासिक कादंबरी. पदमनजींनी आजूबाजूच्या विधवांकडे पाहिलं आणि शेवटी वाचकाला येशूपाशी नेलं. गुंजीकरांनी गडाकडे पाहिलं आणि वाचकाला शिवाजी महाराजांपाशी नेलं. पहिल्याला आपण धर्मप्रचारक म्हणतो, दुसऱ्याला ऐतिहासिक कादंबरीकार. ही वाटणी बरोबर आहे का, यावर पलूसमध्ये दोन वाचकांचा वाद चालू आहे.

पलूस तालुक्याला छापील शब्दावरून वाद घालण्याची सवय जुनी. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० मध्ये तिथूनच ‘स्त्री’ सुरू झालं. कृष्णाकाठी औदुंबरला दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं आणि तिथून परतताना लोक कवितेपेक्षा भाषणांवर जास्त बोलतात. आपले दोन वाचक याच मुलखातले, दोघेही शाळेतून निवृत्त. सरांनी इतिहास शिकवला, बाईंनी मराठी. बाई ख्रिस्ती आहेत. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलच्या आसपास त्यांचं बालपण गेलं. आता त्यांनी वसईच्या १७३९च्या मराठा-पोर्तुगीज युद्धावर कादंबरी लिहायला घेतली आहे.

सरांची हरकत विषयाला नाही. “तुम्ही चांगलं लिहाल, बाई. पण तुम्ही रोज प्रार्थना करून टेबलाशी बसता. कादंबरीत पुढं काय होणार हे लिहिणाऱ्यालासुद्धा आधी ठाऊक नसावं लागतं. श्रद्धा असली की निकाल आधीच लागलेला असतो.”

“निकाल तर इतिहासात लागलेलाच असतो, सर. वसई मराठ्यांनी घेतली, हे मी कितीही प्रार्थना केली तरी बदलणार आहे का?”

“युद्धाचा निकाल म्हणत नाही मी. कोण बरोबर आणि कोण चूक, त्याचा निकाल.”

सरांनी पुरावा म्हणून पदमनजींचंच पुस्तक पुढं केलं. यमुना मिशनच्या शाळेत शिकलेली. नवरा विनायकराव सुधारक मनाचा. दोघं महाराष्ट्रभर प्रवास करतात आणि जागोजाग विधवांच्या कहाण्या ऐकतात. कुणाचं केशवपन, कुणाची उपासमार, कुणाची फसवणूक. मग विनायकराव मरतो, यमुनाच विधवा होते, तिच्यावरही तेच संकट येतं. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. “सगळे रस्ते एकाच दारात जातात,” सर म्हणाले. “ख्रिस्ती माणूस शहाणा, भटजी दुष्ट. वाचकाला पहिल्या वीस पानांत कळतं, ही बाई कुठं पोचणार. ही गोष्ट आहे की पत्रक?”

बाईंनी हे अर्धं मान्य केलं. पदमनजींच्या शास्त्री-भटांना स्वतःच्या बाजूने बोलायला धड वाव मिळत नाही, हे खरंच. पण तारखा बघा, असं त्यांचं म्हणणं. विधवा-पुनर्विवाहाचा कायदा जुलै १८५६ मध्ये झाला आणि वर्षभरात हे पुस्तक आलं. तोवर मराठीत विधवेचं दुःख कीर्तनात, पुराणात किंवा शास्त्रार्थात येत होतं. तिची राहती जागा, तिचं जेवण, तिच्या सासूचं बोलणं असं घरातलं, रोजचं येत नव्हतं. पदमनजी तरुणपणी जातिभेद मोडण्यासाठी गुप्तपणे भेटणाऱ्या परमहंस सभेत होते. बंद दाराआड सुधारणा करणाऱ्या मित्रांचा त्यांना कंटाळा आला आणि ते उघडपणे ख्रिस्ती झाले. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी हा सगळा प्रवास सांगितला आहे. “त्या माणसाची श्रद्धा आणि त्या विधवांबद्दलचा राग तुम्हाला वेगवेगळे काढता येतील का? श्रद्धा नसती तर पुस्तक निःपक्ष झालं नसतं. पुस्तकच झालं नसतं.”

“दस्तऐवज म्हणून मला ते मान्यच आहे,” सर म्हणाले. “त्या काळची घरं मी तुमच्या पदमनजींकडून शिकतो. माझं म्हणणं कलेबद्दल आहे.”

“मग कलेचंच बोलू. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’मधली कमलकुमारी कुठल्या अस्सल कागदात आहे?”

सर हसले. कुठल्याच नाही, हे त्यांनी वर्गात पंचवीस वेळा तरी सांगितलं होतं. तानाजी आणि कोंढाणा इतिहासात आहेत. उदेभानाच्या कैदेतली ती राजपूत सती कादंबरीला हवी होती म्हणून आली, कारण शत्रूचा राग यायला नुसता किल्लेदार पुरत नाही. बाईंना एवढंच हवं होतं. ‘उषःकाल’पासून आजपर्यंत मराठी ऐतिहासिक कादंबरी भक्तिभावानेच लिहिली गेली, असं त्यांचं मत. स्वराज्यावरची श्रद्धा ही श्रद्धाच. तिचेही संत आहेत, हुतात्मे आहेत, तीर्थक्षेत्रं आहेत. ती आपल्या घरातली असल्याने दिसत नाही, एवढाच फरक. पदमनजी निदान आपला देव कोणता ते लपवत नाहीत.

सरांना हा वार लागला, पण त्यांनी तो फिरवला. “म्हणजे सगळेच पक्षपाती, म्हणून सगळेच माफ? मग चांगलं आणि वाईट कसं ठरवायचं?”

इथे वाद खऱ्या अर्थाने सुरू झाला. बाईंनी मोजमाप सांगितलं. लेखकाचा देव कोणता हे विचारू नये. त्याने आपल्या देवाला न मानणाऱ्या पात्राला किती जागा दिली, त्याला किती बुद्धी दिली, आणि आपल्याच माणसांना किती दोष दिले, ते बघावं.

उदाहरणादाखल त्यांनी हेन्रिक सिएनकिएविच या पोलिश कादंबरीकाराचं नाव घेतलं. त्याची ‘क्वो वादिस’ १८९६ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि १९०५ मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. लेखक कॅथलिक, विषय नीरोच्या रोममधला ख्रिस्त्यांचा छळ, म्हणजे धर्मप्रचाराला आयतं मैदान. तरी वाचकाच्या मनात राहतो तो पेट्रोनियस, नीरोच्या दरबारातला रसिक, बोलण्यात तिखट, जगण्यात आळशी. हा माणूस इतिहासातला आहे, रोमन इतिहासकार टॅसिटसने त्याच्याबद्दल लिहून ठेवलं आहे. कादंबरीत तो ख्रिस्त्यांना मदत करतो, त्यांचा धर्म ऐकून घेतो आणि शांतपणे सांगतो की हा माझ्यासाठी नाही. शेवटी नीरोला शेलकं पत्र लिहून स्वतःच्या शिरा कापून घेतो. सिएनकिएविचला त्याचं धर्मांतर करणं सोपं होतं. त्याने ते केलं नाही.

“आणि मान्झोनी?” सरांनी विचारलं. हे नाव बाईंच्या यादीत येणार हे त्यांना ठाऊक होतं.

आलेसांद्रो मान्झोनी १८१० मध्ये पुन्हा चर्चकडे वळला आणि १८२७ मध्ये त्याने सतराव्या शतकातल्या लोंबार्दीवर एक प्रसिद्ध कादंबरी लिहिली, जिच्यातलं लग्न ठरलेलं जोडपं एका सरदाराच्या दहशतीमुळे दूर फेकलं जातं. १६३०ची मिलानमधली प्लेगची साथ त्यात इतक्या बारकाईने आली आहे की इतिहासाचे अभ्यासकही ती पानं वाचतात. ते लग्न लागत नाही, कारण गावचा पाद्री डॉन अब्बोंदिओ भित्रा आहे. गुंडांनी डोळे वटारले की त्याचा धर्म आजारी पडतो. एका श्रद्धावान कॅथलिकाने इटालियन साहित्यातला सगळ्यात गाजलेला भ्याड पाद्री निर्माण केला, हे बाईंना आपल्या बाजूचं वाटतं.

सरांनी मात्र त्याच लेखकाचं पुढचं पान उघडलं. १८५० मध्ये मान्झोनीने ऐतिहासिक कादंबरीविरुद्ध निबंध प्रसिद्ध केला. त्याचा मुद्दा साधा होता. वाचकाला कळायला हवं की यातलं घडलेलं कोणतं आणि रचलेलं कोणतं. ते वेगळं करून दाखवलं तर गोष्ट तुटते, न दाखवलं तर इतिहास खोटा होतो. “तुमच्याच श्रद्धावान लेखकाने हा प्रकार मोडीत काढला, बाई. खरं बोलण्याची श्रद्धा असेल तर ऐतिहासिक कादंबरी लिहिताच येत नाही, असं तो म्हणतो.”

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पण कादंबरी त्याने मागं घेतली नाही. उलट त्याआधी दहाएक वर्षं तिची भाषा सुधारून ती पुन्हा छापली होती.”

परदेशातल्या लेखकांवर वाद मिटण्याची लक्षणं नव्हती, म्हणून दोघे घरी आले, म्हणजे मराठीत. गोव्यात १५७९ मध्ये आलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्लिश जेझुइट पाद्री. नव्या ख्रिस्त्यांना त्यांची जुनी पुराणं सुटली होती आणि त्या जागी ऐकायला काही नव्हतं. त्याने बायबलची कथा मराठी ओवीत रचली, सुमारे अकरा हजार ओव्या, आणि १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापलं. तीनशे वर्षांनी ना. वा. टिळकांनी येशूचं चरित्र पुन्हा ओवीतच लिहायला घेतलं, ‘ख्रिस्तायन’. ते अपुरं ठेवून १९१९ मध्ये ते गेले आणि काव्य पुरं केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांना लग्न होईपर्यंत नीट लिहिता-वाचता येत नव्हतं.

टिळकांचं नाव निघालं की बाईंना रेल्वेचा डबा आठवतो. नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांच्या हातात नवा करार दिला. ते वाचत गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी वीसेक वर्षं, १८७६ मध्ये, अमेरिकेत असाच एक प्रवास झाला होता. माजी सेनापती ल्यू वॉलेस याला गाडीत रॉबर्ट इंगरसॉल हा नामांकित नास्तिक वक्ता भेटला आणि वाटेत देवाविरुद्ध बोलत राहिला. वॉलेसला लाज वाटली ती स्वतःच्या अज्ञानाची, कारण त्याला मान्य करता येईना आणि खोडताही येईना. त्याने वाचायला सुरुवात केली. पॅलेस्टाइन न पाहता, नकाशे आणि ग्रंथ यांच्या आधारावर त्याने ‘बेन-हर’ लिहिली. ती १८८० मध्ये आली. लिहिता लिहिताच आपण श्रद्धावान झालो, असं तो पुढे सांगत असे.

“बघा,” बाई म्हणाल्या, “टिळकांना पुस्तक देणारा भाविक होता, वॉलेसला पुस्तकांकडे ढकलणारा नास्तिक. श्रद्धा आधी आणि वाचन नंतर, असं तुम्ही धरून चालताय. या दोघांचं उलट झालं. ते वाचत गेले, आणि वाचून कुठं पोचणार हे त्यांना ठाऊक नव्हतं.”

सरांनी मान हलवली, पण आपला आवडता हुकमी पत्ता काढला: ‘स्मृतिचित्रे’. त्यांच्या मते लक्ष्मीबाईंचं हे आत्मचरित्र पदमनजींच्या कादंबरीपेक्षा इतिहास म्हणूनही मोठं आहे आणि गोष्ट म्हणूनही. कारण ते कुणाला जिंकायला लिहिलेलं नाही. लक्ष्मीबाई आपल्या धर्मांतरित नवऱ्याला संत करत नाहीत. त्याचा राग, विसरभोळेपणा, हातात आलेला पैसा वाटून टाकण्याची सवय, सगळं हसत सांगतात. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, त्याच्याजवळ आल्यावरही सोवळं सोडवेना, त्या सोवळ्याची चेष्टा त्या स्वतःच करतात. आणि वडिलांच्या अतिरेकी सोवळ्यामागचा धक्काही सांगतात: १८५७च्या बंडात वडिलांच्या सासऱ्यांना फाशी झाली होती. “त्याच साली तुमचं ‘यमुनापर्यटन’ आलं,” सर म्हणाले. “पदमनजींनी सोवळं पाहिलं आणि दोष काढला. लक्ष्मीबाईंनी त्याच सोवळ्यामागचा घाबरलेला माणूस दाखवला.”

“मग तर तुम्ही माझंच बोलताय, सर. लक्ष्मीबाई पदमनजींइतक्याच ख्रिस्ती. श्रद्धा तीच. फरक जागेचा. त्यांनी बापाला जागा दिली.”

इथे सरांना आपलं पहिलं वाक्य मागं घ्यावं लागलं. श्रद्धा असली की कादंबरी बिघडते, हे त्यांनी सोडलं. त्यांच्या हरकतीचं रूप बदललं. घरातलं सोवळं आपल्या आठवणीतलं असतं, त्याला न्याय देणं जमतं. तीनशे वर्षांपूर्वीच्या शत्रूला कोण जागा देणार? २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो झाले, तेव्हा एका धर्मगुरूच्या निवडीला काहींनी हरकत घेतली होती. सर त्या हरकतवाल्यांत नव्हते. दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ त्यांच्या कपाटात आहे. पण वसईच्या त्या फादरांनी वैचारिक लिहिलं, ललित लिहिलं, भाषांतर केलं. १७३९वर कादंबरी लिहिणं वेगळं, असं सरांना वाटतं.

कारण १७३९ दोन्ही बाजूंनी जड आहे. मराठी मुलाला ती चिमाजी अप्पांची थोर मोहीम म्हणून शिकवतात, तटाखाली भरलेले सुरुंग आणि पडलेली हजारो माणसं. वसईच्या ख्रिस्ती गावांना तोच मे महिना राज्य बदलल्याचा. पोर्तुगीज गेले. सामवेदी आणि वाडवळी बोलणारे शेतकरी, कोळी आणि बागायतदार मागे राहिले, आणि त्यांची गावं आजही तिथं आहेत. चर्चच्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून देवळांत गेल्या. त्यातली एक सातारा जिल्ह्यात, वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे.

बाईंच्या कादंबरीत ही घंटा आहे. सरांना भीती अशी की ती घंटा आली की रडणं आलं, आणि रडणं आलं की मराठा शिपाई फक्त लुटारू उरणार. “गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतं, बाई. तुमच्या पुस्तकात ते येणार की नाही? देवळं पाडलेली येणार की नाही? घंटा उतरवणाऱ्या शिपायाच्या आजोबांनी कोकणातून का पळ काढला, हे त्याच्या तोंडून येणार का?”

“येणार. तो शिपाई माझा पेट्रोनियस आहे.”

“आणि तो शेवटी बाप्तिस्मा घेणार नाही?”

“नाही.”

तरीही सरांचं समाधान झालं नाही. त्यांनी कुंडलच्या क्रांतिकारकांचं उदाहरण काढलं, कारण ते दोघांच्याही तालुक्यातलं. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली. जी. डी. बापू लाड, कॅप्टन भाऊ, प्रतिसरकारचे बाकी कार्यकर्ते यांच्याबद्दल इथल्या घराघरात भक्ती आहे. या प्रसंगावर कुणी कादंबरी लिहिली तर गाडीतल्या पगार सांभाळणाऱ्या कारकुनाला कोण जागा देईल? तो भारतीय होता, नोकरदार होता, घाबरला होता, असं धरलं तरी त्याला खलनायक करून मोकळे होतील. सरांची हरकत आता ख्रिस्ती लेखिकेला राहिली नव्हती. ती सगळ्याच भक्तांना होती, आणि त्यात ते स्वतःही आले.

बाईंनी वही उघडून सरांपुढे ठेवली. रियासतकार सरदेसाईंनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तरातून वसई मोहिमेची पत्रं त्यांनी उतरवून घेतली होती. दाणागोटा संपल्याची, खर्चाला पैसे नसल्याची, पावसाच्या आधी उरकायच्या घाईची पत्रं. मराठ्यांची छावणी त्या याच कागदांवरून लिहिणार होत्या. चर्चमधलं जग त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे, त्यामुळे त्याच्यासाठी त्यांना कमी कागद लागतात, आणि नेमका तिथंच आपण गाफील राहू ही धास्ती त्यांना जास्त आहे.

सरांनी पत्रं वाचली, दोन ठिकाणी मोडीचं वाचन शंकास्पद वाटलं तिथे पेन्सिलीने खूण केली. मग एक अट घातली. पुस्तकाच्या शेवटी परिशिष्ट हवं, खरं कोणतं आणि रचलेलं कोणतं ते सांगणारं. बाईंनी ती साफ नाकारली. शिपाई रचलेला आहे असं परिशिष्टात लिहिलं की वाचक त्याचं इन्क्विझिशनबद्दलचं बोलणंही रचलेलं समजणार, आणि पाद्री खरा आहे असं लिहिलं की त्याच्यावर जास्त विश्वास टाकणार. म्हणजे ज्याला जागा द्यायची, त्याचीच जागा जाणार. सर म्हणाले, मान्झोनीला हेच कोडं सुटलं नव्हतं. बाई म्हणाल्या, म्हणून तर त्याने निबंध लिहिला. परिशिष्टाचा प्रश्न तसाच राहिला. छावणीचं प्रकरण मात्र आधी सरांनी तपासायचं, असं ठरलं.